घरचा स्टेक सॉस: मनुका, संत्रं आणि व्हिनेगरचं गणित

स्टेक सॉस नुसता चमच्याने चाखला तर बहुतेकांना जरा जास्तच आंबट लागतो. तो तसाच लागायला हवा. भाजलेल्या मांसाच्या जाड तुकड्यात चरबी असते, मीठ असतं, वरच्या करपट-तपकिरी थराचा खमंगपणा असतो. आंबटपणा मात्र औषधालाही नसतो. ती उणीव भरून काढणं, चरबीने जड झालेली जीभ पुढच्या घासासाठी मोकळी करणं, एवढ्यासाठी हा सॉस असतो. त्यामुळे घरी करताना पहिला मोह टाळायचा तो पातेल्यातल्या सॉसची चव घेऊन ‘अजून थोडी साखर घालू’ म्हणण्याचा. साखर घालत गेलात की शेवटी हाती लागतं ते मसालेदार केचप.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्टेकबरोबर दोन जातीचे सॉस वाढले जातात. एक जात त्याच वेळी करून लगेच संपवायची: मिरीचा क्रीम सॉस, बेअरनेझ (लोणी आणि अंड्याच्या बलकाचा सॉस), वाइन आटवून केलेले सॉस. दुसरी जात बाटलीतली: गडद तपकिरी, ओतता येईल इतकी सैल, आंबट-गोड आणि मसाल्याची. हा लेख या दुसऱ्या जातीबद्दल आहे.

या बाटल्यांचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. वूस्टरशर सॉस ली अँड पेरिन्स या कंपनीने १८३७ पासून विकायला सुरुवात केली. ए.वन सॉसचं श्रेय राजा चौथा जॉर्ज याचा आचारी हेंडरसन विल्यम ब्रँड याला दिलं जातं. नॉटिंगहॅमचा किराणा व्यापारी फ्रेडरिक गार्टन याने १८९५ मध्ये एचपी हे नाव नोंदवलं. त्या सॉसमध्ये खजूर आणि चिंच असते. अमेरिकेत ए.वनच्या बाटलीवर कित्येक वर्षं ‘स्टेक सॉस’ असंच छापलेलं असायचं, २०१४ मध्ये त्यातला ‘स्टेक’ काढून टाकला. हा इतिहास जाऊ द्या, पण त्या बाटलीमागचं लेबल मात्र जरूर वाचा. टोमॅटोची प्युरी आणि व्हिनेगर तर आहेच, शिवाय मनुकांचा गर आणि वाटलेलं संत्रं. घरगुती पाककृतींमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या असतात. केचप, वूस्टरशर आणि मोहरीची पेस्ट एकत्र ढवळून पाच मिनिटांत सॉस होतो हे खरं, वेळ नसेल तर खुशाल करा. पण मनुका आणि संत्र्याशिवाय त्याला अंग येत नाही.

साहित्य

खालच्या मापात साधारण ४०० ते ४५० मिली सॉस होतो. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली.

बिनबियांच्या काळ्या मनुका १०० ग्रॅम
पाणी २५० मिली
संत्र्याचा ताजा रस १२० मिली आणि एका संत्र्याची किसलेली साल
माल्ट व्हिनेगर १२० मिली
वूस्टरशर सॉस ६० मिली
टोमॅटो पेस्ट ३ मोठे चमचे
एक छोटा कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या
चिंचेचा घट्ट कोळ १ मोठा चमचा
मोलॅसिस (साखर काढल्यावर उरणारा काळा, दाट पाक) किंवा गडद ब्राऊन शुगर १ मोठा चमचा
डिजॉन मस्टर्ड (मोहरीची पेस्ट) २ छोटे चमचे
तेलातली अँचोव्ही (खारवलेला छोटा मासा), २ पट्ट्या (ऐच्छिक)
काळी मिरी १ छोटा चमचा, लवंगा ३, ऑलस्पाइसचे (मिरीसारखा दिसणारा, लवंग-दालचिनीच्या वासाचा मसाला) दाणे ५-६, सेलरीचं बी पाव छोटा चमचा
मीठ अर्धा छोटा चमचा, पुढे लागेल तसं
बेचव तेल १ मोठा चमचा

काही जिनसांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण अदलाबदल तिथेच होते.

व्हिनेगर ५ टक्के आम्लतेचं घ्या. बाटलीवर लिहिलेलं असतं. माल्ट व्हिनेगरला स्वतःची एक भाजलेल्या धान्यासारखी चव असते आणि ती या सॉसला शोभते. ते नसेल तर सफरचंदाचं व्हिनेगर चालतं, चव थोडी फळांकडे झुकते. पांढरं डिस्टिल्ड व्हिनेगर मी टाळतो. आंबटपणा तेवढाच, पण नुसता टोचरा, मागे काही उरत नाही. बाल्सॅमिक वापरायचं असेल तर ते मुळातच गोड असतं, म्हणून मोलॅसिस वगळून सुरुवात करा.

मनुका काळ्याच हव्यात असं नाही, पण फिकट सोनेरी बेदाण्यांनी सॉसचा रंग उतरतो आणि खोलीही कमी होते. एचपीच्या वळणाचा सॉस हवा असेल तर निम्म्या मनुकांऐवजी बिया काढलेला खजूर घाला. दाटपणा लवकर येतो, म्हणून पाणी ५० मिली वाढवा.

अँचोव्हीला घाबरू नका. दोन पट्ट्या तेलात विरघळून जातात, माशाचा वास राहत नाही. राहतो तो मांसाच्या रस्स्यासारखा भरीवपणा. टोमॅटोमध्ये ग्लुटामेट असतं, अँचोव्हीत इनोसिनेट; दोन्ही ही भरीव चव देणारे घटक. ही दोन एकत्र आली की दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम जिभेवर होतो. शाकाहारी करायचा असेल तर मात्र लक्षात घ्या की पारंपरिक वूस्टरशरमध्येही अँचोव्ही असते. अशा वेळी अँचोव्ही गाळा आणि वूस्टरशरऐवजी ३ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा व्हिनेगर आणि अर्धा मोठा चमचा जास्तीचा चिंचेचा कोळ घ्या. मग मीठ अजिबात घालू नका. शेवटी चव पाहूनच ठरवा.

भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं घ्या, रुंद तोंडाचं असेल तर उत्तम. ॲल्युमिनियम, बीड किंवा कल्हई नसलेलं तांबं नको. एवढा आम्ल पदार्थ अर्धा तास त्यात रटरटला की धातूची चव उतरते.

भिजवणं आणि मसाला

पाणी उकळून मनुकांवर ओता, संत्र्याचा रस घाला आणि झाकून अर्धा तास ठेवा. मनुका फुगून गुळगुळीत व्हायला हव्यात. ही पायरी गाळली तर मिक्सरमध्ये सालांचे चामट तुकडे राहतात आणि कितीही फिरवलं तरी सॉस रवाळच लागतो. भिजवलेलं पाणी फेकायचं नाही, ते सगळं सॉसमध्येच जाणार आहे.

तोवर मिरी, लवंग, ऑलस्पाइस आणि सेलरीचं बी कोरड्या कढईत मंद आचेवर भाजा. मिनिटभरात वास सुटतो; वास आला की लगेच ताटलीत काढा. गरम कढईत ठेवलं तर बी करपतं आणि कडवट होतं. गार झाल्यावर बारीक कुटा. लवंगा तीनच, हे मुद्दाम सांगतो. लवंग सॉसमध्ये दिवसागणिक चढत जाते. केल्या दिवशी ‘थोडी कमी वाटतेय’ म्हणून पाच घातल्यात तर आठवड्याने जिभेला बधिरपणा येईल आणि दुसरी कुठलीच चव कळणार नाही.

टोमॅटो पेस्ट परतणं

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे, म्हणून घाई नको. भांड्यात तेल तापवून बारीक चिरलेला कांदा चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर परता. कांदा पारदर्शक होऊन कडेने सोनेरी दिसायला ७-८ मिनिटं लागतात. मग ठेचलेला लसूण आणि अँचोव्ही घाला. चमच्याच्या पाठीने अँचोव्ही दाबली की अर्ध्या मिनिटात तिचा मागमूस राहत नाही.

आता टोमॅटो पेस्ट. आच मध्यम करा आणि पेस्ट तळावर पसरवून परतत राहा. सुरुवातीला ती लालभडक आणि ओलसर असते, वास कच्चा, थोडा डब्यासारखा. दोन मिनिटांनी ती कांद्याला चिकटायला लागते आणि तेल कडेने नारिंगी होऊन सुटतं. आणखी दोन मिनिटांनी रंग विटेसारखा होतो, तळाला पातळ तपकिरी थर धरतो आणि वास एकदम बदलतो: आंबट कच्चेपणा जाऊन गोडसर, भाजका. इथे थांबायचं. तो तपकिरी थर म्हणजे जळकं नव्हे, चव आहे. पुढच्या पायरीत तो ओल्या द्रवाने सुटून येतो. काळे ठिपके दिसायला लागले तर मात्र पुढे गेलात. थोडेच असतील तर वरचा भाग दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, तळ खरवडू नका.

कुटलेला मसाला घालून पंधरा-वीस सेकंद हलवा, मसाला तेलात फुलला पाहिजे.

शिजवणं

व्हिनेगर एकदम सगळं घालायचं नाही. १२० मिलीपैकी ८० मिली आत्ता, ४० मिली शेवटी. आधी घातलेलं व्हिनेगर शिजून बाकीच्या जिनसांत मिसळून जातं, त्याची धार बोथट होते. शेवटचं व्हिनेगर ताजं राहतं आणि पहिल्या घासाला जो झटका हवा तो देतं. सगळं आधी घातलं तर सॉस गोल पण झोपलेला लागतो. सगळं शेवटी घातलं तर व्हिनेगर वेगळं आणि सॉस वेगळा.

गरम भांड्यात व्हिनेगर ओतताना तोंड बाजूला ठेवा. वाफ थेट घशात गेली तर ठसका लागतो आणि डोळे चुरचुरतात. खिडकी किंवा पंखा आधीच चालू असू द्या.

लाकडी चमच्याने तळ सोडवून घ्या. मग पाण्या-रसासकट मनुका, वूस्टरशर, चिंचेचा कोळ, मोलॅसिस आणि अर्धा छोटा चमचा मीठ घाला. एक उकळी आली की आच कमी करा. खदखदून उकळायला नको, पृष्ठभागावर इकडे एक तिकडे एक बुडबुडा फुटत राहिला पाहिजे. झाकण न ठेवता २० ते २५ मिनिटं शिजवा आणि अधूनमधून तळापासून ढवळा. शेवटच्या दहा मिनिटांत भांडं सोडून जाऊ नका. साखर वाढत जाते, पाणी कमी होतं आणि सॉस लागायला वेळ लागत नाही.

संपूर्ण आटवूनही टाकू नका. वाटल्यावर मनुकांच्या गराने तो आपोआप दाट होतो. पातेल्यातला द्रव निम्म्यावर आला आणि मनुका जेमतेम त्यात बुडालेल्या दिसल्या की आच बंद. मस्टर्ड आणि संत्र्याची साल आता घालून ढवळा. सालीचा सुगंध तिच्यातल्या तेलात असतो आणि लांब उकळीत तो उडून जातो. साल किसताना फक्त नारिंगी भाग घ्या. खालचा पांढरा भाग कडू असतो आणि हा कडवटपणा साखरेने झाकता येत नाही.

वाटणं आणि गाळणं

भांडं पंधरा-वीस मिनिटं बाजूला ठेवा. उकळता सॉस बंद मिक्सरमध्ये फिरवला तर वाफेच्या दाबाने झाकण उडतं. हा सॉस साखरेमुळे कातडीला चिकटून भाजतो, म्हणून इथे धाडस नको. कोमट झाल्यावरही भांडं अर्धंच भरा, झाकणावरचं छोटं बूच काढून घडी घातलेलं फडकं धरा आणि कमी वेगापासून सुरू करा. पूर्ण दोन मिनिटं फिरवा. हँड ब्लेंडरने काम होतं, पण पोत थोडा भरड राहतो.

मग बारीक चाळणीतून गाळा. पळीच्या पाठीने गोल गोल दाबत राहायचं, आणि चाळणीच्या खालच्या बाजूला जमलेला गर चमच्याने खरवडून घ्यायचा. सगळ्यात दाट भाग तिथेच असतो आणि तोच बहुतेक वेळा चाळणीसोबत धुतला जातो. वर दोन-तीन मोठे चमचे चोथा उरला तर ठीक. वाटीभर उरला तर दोन चमचे पाणी घालून तो पुन्हा वाटा आणि पुन्हा गाळा.

गाळलेला सॉस परत भांड्यात घेऊन राखलेलं ४० मिली व्हिनेगर घाला आणि मंद आचेवर ३-४ मिनिटं गरम करा.

दाटपणा गरम सॉसवरून ठरवू नका, तो थंड झाल्यावर आणखी घट्ट होतो. एक बशी आधीच फ्रीझरमध्ये ठेवा. तिच्यावर छोटा चमचा सॉस टाका, मिनिटभर थांबा आणि बशी तिरकी करा. थेंब सावकाश, एकसंध घसरला पाहिजे. झपकन ओघळला तर आणखी पाच मिनिटं आटवा. जागचा हलला नाही तर एक-दोन चमचे पाणी. थेंबाभोवती पाण्याची कड सुटत असेल तर गर आणि पाणी नीट एकजीव झालेलं नाही. एकदा परत मिक्सरमधून काढा. बाजारच्या बाटलीत हे होऊ नये म्हणून झँथन गम (दाटपणा देणारी पूड) असतो. घरीही चालतो, पण या मापाला पाव छोटा चमचाच, आणि मिक्सर चालू असताना वरून भुरभुरवत. एकदम टाकला तर गुठळ्या होतात. प्रमाण वाढलं तर सॉस शेंबडासारखा ओघळतो. मला स्वतःला तो लागत नाही.

चव सावरणं

चव बघायची तर मांसाच्या भाजलेल्या तुकड्याबरोबर बघा. तेवढी तयारी नसेल तर लोणी लावून भाजलेल्या पावावर. चरबी आणि मीठ जिभेवर असताना सॉस कसा लागतो, एवढंच महत्त्वाचं.

तरीही आंबट वाटला तर मोलॅसिस अर्ध्या छोट्या चमच्याने वाढवा, त्याहून जास्त एका वेळी नको. गोड झाला असेल तर व्हिनेगर, आणि तरी सपाट वाटत असेल तर चिमूटभर मीठ. पुष्कळदा कमी असतं ते मीठच. कडवट झाला तर कारण शोधा. लसूण करपला, संत्र्याचा पांढरा भाग गेला किंवा लवंग जास्त झाली, यापैकीच काहीतरी असतं. थोडा कडवटपणा चिमूटभर मिठाने दबतो. करपलेल्या लसणावर मात्र इलाज नाही, पुन्हा करा. तिखटपणा हवा असेल तर मिरी वाढवा. लाल मिरचीने हा सॉस वेगळ्याच वाटेला जातो.

आणि त्या दिवशी फार दुरुस्त्या करत बसू नका. ताज्या सॉसमध्ये व्हिनेगर पुढे, लवंग मागे, टोमॅटो एका बाजूला असं सगळं सुटं सुटं लागतं. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस मुरला की तोच सॉस ओळखू येत नाही. पाहुणे शनिवारी येणार असतील तर बुधवारी करून ठेवा.

साठवण

काचेची बाटली धुऊन, बुडेल इतक्या पाण्यात १० मिनिटं उकळा आणि उलटी ठेवून निथळू द्या. सॉस गरम असतानाच भरा. बाटलीही गरम असू द्या, नाहीतर काच तडकते. गार झाली की थेट फ्रीजमध्ये, ४ अंश सेल्सियस किंवा त्याखाली. महिनाभर सहज टिकतो. नेहमी कोरडा, स्वच्छ चमचा वापरा.

बाजारची बाटली कपाटात राहते म्हणून घरची ठेवू नका. बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जीवाणू ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या पदार्थात वाढत नाहीत; पीएच म्हणजे आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त. कारखान्यात प्रत्येक घाण्याचा पीएच मोजतात, आपण मोजत नाही. या सॉसमध्ये आम्ल भरपूर आहे, पण कांदा, लसूण आणि गर यांचं प्रमाण दर वेळी थोडं हलतं. शिवाय कुणी व्हिनेगर कमी करतं, कुणी पाणी वाढवतं. त्यामुळे जागा फ्रीजच. जास्त दिवस ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून खडे पिशवीत भरा, तीन महिने चव उतरत नाही. बुरशी, फसफस, फुगलेलं झाकण यातलं काहीही दिसलं तर चाखून न बघता टाकून द्या.

वाढताना

फ्रीजमधून काढलेला सॉस थेट गरम मांसावर नको. अर्धा तास आधी बाहेर काढा, थंडपणाने चव दबलेली असते. स्टेक आचेवरून उतरवून पाच मिनिटं विसावू द्या आणि सॉस बाजूला वाटीत द्या. वर ओतला की मेहनतीने आणलेला कुरकुरीत थर दोन मिनिटांत मऊ पडतो.

निखाऱ्यावर भाजताना ब्रशने लावायचा असेल तर अगदी शेवटच्या मिनिटाला लावा. यात मनुकांची आणि मोलॅसिसची साखर आहे. आधी लावली तर मांस आतून होण्याआधी बाहेर काळं पडेल. कच्च्या मांसाला लागलेला ब्रश पुन्हा बाटलीत बुडवू नका. लागेल तेवढा सॉस आधीच वाटीत काढून घ्या आणि वाटीत उरलेला फेका.

तव्यावर स्टेक केला असेल तर आणखी एक सोय आहे. मांस काढल्यावर तव्यातली जास्तीची चरबी ओतून टाका. दोन चमचे सॉस आणि तीन-चार चमचे पाणी घालून तळ खरवडा, आच बंद करा आणि थंड लोण्याचा छोटा तुकडा फिरवत विरघळवा. विसावलेल्या मांसातून ताटलीत सुटलेला रसही त्यातच घाला आणि पुन्हा न उकळता लगेच वाढा. जाड कापून भाजलेल्या पोर्टोबेलो मशरूमवर किंवा फ्लॉवरच्या कापांवर हाच सॉस तितकाच चांगला लागतो, फक्त भाज्यांत चरबी नसल्याने लोणी थोडं सढळ हाताने घाला.